व्हॅनमध्ये बसणारी बाई

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली. आमच्या वस्तीवरच्या आठही पोरी घरीच.

माझी पजू सकाळी उठून तयार झाली. गणवेश, वेण्या, रिबिनी. मग ओट्यावर बसून राहिली. समोरच्या दारात सानिका उभी होती. पजू नववीत, ती आठवीत, पण लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. आता एकमेकींकडं बघत नाहीत.

हायस्कूल गावात. मधला रस्ता सगळा उसातून जातो आणि बिबट्या दिसायला लागल्यापासून चालत कुणी पाठवत नाही. फाट्यावर एसटी येते ती दुपारी. राहिली अंकुशची व्हॅन. ती सुट्टीच्या आधीच बंद झाली, आणि वस्तीचं म्हणणं, पजूमुळं बंद झाली. म्हणजे माझ्यामुळं.

पजूनं जे सांगितलं ते एकदा लिहून ठेवते. परत लिहिणार नाही. अंकुश सानिकाला रोज पुढं, स्वतःशेजारी बसवायचा. त्याचा हात तिच्या मांडीवर. ती खिडकीला चिकटून बसायची. एक दिवस सगळ्यांना वस्तीवर उतरवलं आणि तिला म्हणाला, तू थांब, गॅस भरून येऊ. त्या दिवसापासून सानिका बोलायची बंद झाली.

मी मनीषा मॅडमना सांगितलं, त्यांनी हेडसरांना. हेडसरांनी अंकुशला विचारलं, तर तो म्हणाला, बदनामी घेऊन मी गाडी चालवणार न्हाई. आणि सानिकाच्या आईनं, आमच्या लतानं, सरांपुढं सांगितलं, "तसलं काय बी झालं न्हाई."

म्हणून पजू खोटारडी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत मीटिंग. वस्तीवरचे आईबाप, हेडसर, शाळा समितीचे आप्पा, मनीषा मॅडम. आम्ही बायका सतरंजीवर. अंकुश दाराशी उभा, हातात किल्ली.

मी विचारलं, पोलिसांत कळवायचं नाही का?

हेडसर म्हणाले, "ताई, मुलीची आईच म्हणते काही झालं नाही. मग कळवायचं काय?" मग आवाज खाली करून, "उद्या पेपरला आलं तर लोक मुलींना शाळेतून काढतील. नुकसान कुणाचं होईल, तुम्हीच सांगा."

आप्पा म्हणजे अंकुशचे चुलते. ते म्हणाले, "आन् ह्याला जातीचा रंग देऊ नका म्हंजी झालं."

कुणीच दिला नव्हता.

मग छोट्या आरूचे वडील उठले. "आमाला पोरी शिकवायच्यात, सर. गाडी चालू करा. पायजेल तर एक बाई बसवा गाडीत."

सगळ्यांना पटलं. माना हलल्या. बाई कोण बसणार म्हटल्यावर आप्पाच बोलले, "ज्यांना शंका हाय त्यांनीच बसावं की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कंपनीनं कंत्राटाच्या कामाला ब्रेक दिलाय, मी घरीच असते, हे वस्तीला माहीत आहे. मी हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर

अंकुशनं हात जोडले. "ताई, तुमी बसाच. माझं खरंखोटं तुमच्या डोळ्यानं बघा."

मनीषा मॅडम सगळा वेळ पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला दिवस. सकाळी हॉर्न वाजला आणि पोरी पळत सुटल्या. किती खूश होत्या.

पजू उठली नाही. "तू त्याच्या गाडीत बसणार?"

म्हटलं, पोरींसाठी बसतेय. तूही चल, मी आहे ना.

"तू आहेस म्हणून तो चांगला झाला काय?"

मी चपला घातल्या. हॉर्न वाजत होता.

मी त्याच्या मागच्या सीटवर बसले. पुढची सीट रिकामी ठेवायची असं ठरलंय. सानिका एकदम मागं, कोपऱ्यात. आरू पाचवीतली, तिला गाडी लागते, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. त्यानं गाडी सावकाश चालवली. वळणावर हॉर्न दिला. मागं वळून पाहिलं नाही, काही नाही.

दिवसभर शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिले. मधेच परत जायला काही साधन नाही. संध्याकाळी परत त्याच गाडीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

पजूचा बाप, संजय, कारेगावहून आला. आठवडाभर तिकडंच रूमवर असतो, रांजणगावच्या कंपनीतल्या शिफ्टमुळं. त्याला सगळं फोनवर माहीत होतं तरी समोर बसून परत सांगितलं.

म्हणाला, "मी जाऊन दोन ठेवून देतो त्याला."

म्हटलं, मग? मग गाडी बंद, आणि तू जेलात.

 जेवताना म्हणाला, "पन तूच का? बाकीच्या बायकांला पोरी न्हाईत का?"

बाकीच्या बायका मजुरीला जातात. हे त्यालाही माहीत आहे. विचारायचं म्हणून विचारलं.

पजूला मांडीवर घेऊन बसला बराच वेळ. एवढी मोठी झालीय, तरी बसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पजू अजून घरीच. मनीषा मॅडम फोनवर अभ्यास पाठवतात. पजू तो करते, फोटो काढून परत पाठवते. दुपारभर दार लावून एकटी असते घरात. कारण मी शाळेत. माझ्या पोरीला सोडून दुसऱ्यांच्या पोरी सांभाळायला मी शाळेत.

आज व्हरांड्यात मॅडम शेजारी येऊन बसल्या. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "कायद्यानं मी तेव्हाच कळवायला हवं होतं, वंदनाताई. मला माहितीय ते."

मग का नाही कळवलं, असं मी विचारलं नाही. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही. कायम करणाऱ्या समितीत आप्पा आहेत.

मी बाटलीतलं पाणी दिलं. प्यायल्या आणि तासाला गेल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिन. पोरी गाडीतच प्रास्ताविका पाठ म्हणत होत्या. आरू एका शब्दावर अडकली, अंकुशनं पुढचा शब्द सांगितला. त्याला सगळी पाठ आहे. पोरी चकित. "मामा, तुमाला कसं काय येतं?"

"मी काय अडाणी हाय व्हय गं? त्याच शाळेत शिकलोय."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी येऊन चहा ठेवला तेव्हा लक्षात आलं, मी त्याच्या बोलण्यावर हसले. सानिका हसली होती का ते मी बघितलंच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

आज नवीन दोन पोरी बसल्या. पुढच्या मळ्यातल्या. त्यांचे आजोबा स्वतः आले सोडायला. मला म्हणाले, "गाडीत बाई असती म्हनून पाठवतोय बघा. न्हाईतर कोण इस्वास ठेवतंय आजकाल."

अंकुशनं त्यांच्या पाया पडल्यासारखं केलं.

मी बसल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त भरते. मी बसते म्हणून लोक विश्वास ठेवतात. त्याचं वाईट करायला गेले आणि

उद्या बसले नाही तर नऊ पोरी त्याच्या हातात. बसले तर तो साधू.

५ डिसेंबर, शुक्रवार

रांजणगावहून कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून फोन. ब्रेक संपला, सोमवारपासून या, लाईन तीच. मी म्हटलं, थोडे दिवस थांबाल का? फोनवरचा पोरगा हिंदीत बोलायला लागला. "मॅडम, लाईन खाली नहीं रहती. आना है तो बोलो."

नाही म्हटलं.

संजयला सांगितलं फोनवर.  त्याच्या मागं मशिनचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बरं," आणि ठेवला.

सकाळी साडी नाही, ड्रेस घालून, केस जाळीत बांधून कंपनीच्या बसला उभं राहायचे तेव्हा वैताग यायचा. आज त्या बसची आठवण येतेय.

६ डिसेंबर, शनिवार

वस्तीवरच्या विहारात सकाळी सगळे जमलो. मेणबत्त्या, बुद्धवंदना. लताही होती सानिकाला घेऊन. मला बघून पलीकडच्या रांगेत गेली.

निघताना मी तिला गाठलं. म्हटलं, लता, मी काय तुझी वैरीण आहे का?

"वैरीण न्हाईस. पन माझ्या घराकडं बघू नगंस. माझं मी बघंन."

सानिका आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तेरा वर्षांची पोर, पदर धरून उभी.

१० डिसेंबर, बुधवार

रविवारी पजूला दौंडला आईकडं सोडलं. किती दिवस घरात कोंडून ठेवणार. तिथं माझा भाऊ आहे, वहिनी आहे, जवळच शाळा आहे. दाखला मागितला तर हेडसर म्हणाले, "वर्षाच्या मध्ये कशाला? एप्रिलनंतर बघू. उगाच लोक विचारतील का काढला."

म्हणजे इथल्या शाळेत नाव आहे, जाता येत नाही. तिथं जाता येतं, नाव नाही.

दौंडला गाडीतून उतरताना पजू म्हणाली, "मी सांगितलं नसतं तर मी आत्ता शाळेत असते ना?"

मी म्हटलं, तू बरोबर केलंस.

"ते न्हाई विचारलं मी."

१६ डिसेंबर, मंगळवार

आई पडली. मोरीत पाय घसरला. खुब्याचं हाड. दौंडला दवाखान्यात ठेवलंय, गुरुवारी ऑपरेशन. भावाचा फोन, "ताई, लगेच ये."

लगेच कशी जाऊ? आधी गाडीत बसायला बाई शोधायची. आरूच्या आईला विचारलं, तिची कांदालागण चालू आहे. आणखी दोघींना विचारलं. एक म्हणाली, "एक दिवसानं काय हुतंय? आता सुदारलाय की तो."

त्या असं मनापासून म्हणतात. त्यांना सुधारलेला दिसतो. मीच तर दाखवला रोज बसून.

१७ डिसेंबर, बुधवार

शेवटी लताकडं गेले. दारातच म्हटलं, उद्या तू बस. फक्त उद्या. माझी आई आहे गं.

चुलीपुढं बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बशीन. जा तू."

१८ डिसेंबर, गुरुवार

दौंड. ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आली आणि पहिलं काय बोलली, "पजूला चहा दिला का?"

तिच्या पायाशी बसले होते पण मन सगळं गाडीत. शाळा सुटायच्या वेळेला लताला फोन केला. उचलला नाही. परत केला. मग मनीषा मॅडमना. त्या म्हणाल्या, "लताबाई? सकाळी तर कुणी नव्हतं गाडीत. मला वाटलं तुम्हीच आज सुट्टी घेतली..."

वहिनी विचारत होती, चेहरा का असा? म्हटलं झोप नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पहिल्या गाडीनं परत. हॉर्नच्या वेळेला दारात हजर. तो म्हणाला, "ताई, आई बरी हाय ना? काय लागलं तर सांगा, गाडी घिऊन येतो दौंडला."

पोरी सगळ्या नीट. मी आरूला हळूच विचारलं, काल कोण कुठं बसलं होतं? "सगळ्या मागंच. मामांनी गोळ्या दिल्या." पुढं कुणी बसलं? "न्हाई." कुणाला एकटीला नेलं? "न्हाई ओ काकू."

सानिका खिडकीतून बाहेर बघत होती. मी शेजारी जाऊन बसले तर अंग आक्रसून घेतलं. माझ्यापासूनसुद्धा.

लताला विचारलं का गेली नाहीस. "मुकादमानं सुट्टी दिली न्हाई." एवढंच.

१ जानेवारी, गुरुवार

पहाटेच वस्तीवरचे सगळे टेम्पोनं विजयस्तंभाच्या मानवंदनेला गेलो. एवढी गर्दी, पण पजू माझा हात घट्ट धरून होती, दौंडहून मुद्दाम आलेली. संजयनं तिला खांद्यावर घेऊ का विचारलं, ती हसली. खूप दिवसांनी हसली.

गर्दीत सानिका दिसली. पजू हात सोडून तिच्याकडं गेली. दोघी नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. लतानं बघितलं आणि ओढून नेलं नाही.

३ जानेवारी, शनिवार

लिहायला हात उठत नाहीये.

सावित्रीबाईंची जयंती. शाळेत कार्यक्रम. मी रोजच्यासारखी व्हरांड्यात बसलेले, तर शिपाई बोलवायला आला, स्टेजवर चला. हेडसर माईकवर, "मुलींचा सुरक्षित प्रवास घडवणाऱ्या दोन व्यक्तींचा आज आपण सन्मान करतोय." एक मी. दुसरा तो.

शेजारी शेजारी खुर्च्या. आप्पांच्या हस्ते शाल, नारळ. फोटो. "ताई, जरा जवळ सरका."

गुलाबाचं फूल द्यायला वस्तीवरच्या पोरी ठेवल्या होत्या. मला आरूनं दिलं. त्याला द्यायला सानिका.

ती स्टेजवर चढली. त्याच्यापुढं आली. त्यानं हात पुढं केला. ती तशीच उभी. फूल छातीशी. हेडसर म्हणाले, दे की बाळ. टाळ्या सुरू झाल्या होत्या त्या थांबल्या. मग तिच्या पायाखाली ओलं झालेलं मला दिसलं.

मी उठले आणि माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली आणि खाली घेऊन आले. मागून हेडसरांचा आवाज, "मुलीला बरं नाहीये, पुढचा कार्यक्रम..."

मुलींच्या बाथरूममध्ये मी तिचे पाय धुतले.  संध्याकाळी त्याच गाडीत बसून दोघी घरी आलो. दुसरी गाडीच नाही.

५ जानेवारी, सोमवार

सानिका गाडीत नव्हती. ताप आहे म्हणे.

अंकुश आज पहिल्यांदा आरशातून माझ्याकडं सरळ बघत होता. उतरताना म्हणाला, "लहान पोर घाबरली स्टेजवर. लोक काय बी बोलत्यात. तुमी तर रोज बघता मला, ताई. तुमीच सांगा त्यांना."

आवाज गोडच होता.

७ जानेवारी, बुधवार

आज सानिका बोलली.

संध्याकाळी मी पाणी भरत होते. हांडा घेऊन ती आली, आपणहून. खाली बघून म्हणाली, "काकू, तुमी दौंडला गेलता ना, तवा त्यानं काय केलं न्हाई."

म्हटलं, बरं.

"नुसतं म्हनला."

काय म्हणाला?

"ती बाई किती दिस बसंल? तुझी शाळा अजून दोन वरीस हाय." हांडा भरून वाहत होता. तिनं नळ बंद केला. "सगळ्या गाडीत हुत्या. कुणालाच काय कळलं न्हाई. सगळ्यांना वाटलं आब्यासाचं बोलतोय."

मी विचारलं, दिवाळीच्या आधी गॅस भरायला नेलं होतं तेव्हा?

नुसती मान हलवली. हो अशी.

मग एकदम माझा हात धरला. "आईला सांगू नका. वडलांना कळलं तर शाळा बंद करतील माझी. अक्काची केली तशी. काकू, शपथ घ्या."

मी शपथ घेतली नाही. खोटी तरी कशी घेऊ. तिचा हात सोडवून घेतला आणि ती हांडा उचलून गेली, अर्धं पाणी सांडत.

९ जानेवारी, शुक्रवार

 आज लताकडं गेले. सानिकाचे वडील ट्रकवर, बाहेरगावी. ती एकटीच होती. म्हटलं, लता, पजू खोटं बोलली नव्हती.

भाकरी थापत होती. थापतच राहिली. "मला ठावं हाय."

कधीपासून?

"त्याच दिशी. तिची कापडं मीच धुतली न्हवं."

मी खाली बसले. 

"मग आता काय सांगतीस मला?" लता म्हणाली. "थोरलीच्या मागं एक पोरगं लागलं हुतं, नुसतं मागं लागलं हुतं, तर ह्येंनी म्हयन्यात तिचं लगीन लावलं. सतरा पुरी न्हवती. ह्ये कळलं तर सानीला दुसऱ्या दिशी घरात बसवत्याल. आन् तू बसतीस ना गाडीत? मग बस की. धावी हुस्तवर बस. तेवडंच मागनं हाय माझं."

दहावीपर्यंत. आणि आरूची दहावी? मळ्यातल्या त्या दोघींची?

भाकरी करपली. तिनं ती तशीच उलटली.

१० जानेवारी, शनिवार

मनीषा मॅडमना सगळं सांगितलं. शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. शिरूरला जाऊ. मी पण सही करते."

तुमची नोकरी, मॅडम?

"मला विचारू नका. विचारलंत तर मी येणार नाही."

११ जानेवारी, रविवार

शिरूर. संजयही आला. पोलीस स्टेशनमध्ये बाई अधिकारी होत्या, माझ्यापेक्षा लहान असतील. दार लावून घेतलं, सगळं ऐकलं. मधेच कुठं थांबवलं नाही. माझा जबाब, मॅडमचा जबाब. मग म्हणाल्या, "मुलीचं बोलणं महत्त्वाचं. उद्या साध्या कपड्यात तिच्या घरी येतो. तोपर्यंत त्याला काही कळू देऊ नका."

मी विचारलं, मुलगी बोलली नाही तर?

"बोलेल," म्हणाल्या. मग कागदांना पिन लावत, "बघू."

घरी येताना लताला सांगायला दारात गेले. ऐकून घेतलं तिनं. शिव्या दिल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाली, "कुणाला इचारून केलंस?"

कुणालाच नाही. सानिकालाही नाही.

१२ जानेवारी, सोमवार

शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितेय.

सकाळी लताच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, उजाडतानाच दोघी निघून गेल्या, कुठं ते माहीत नाही. शिरूरच्या पोलीस बाईंना फोन केला. म्हणाल्या, "तुम्ही रोजच्यासारखं शाळेत जा. आम्ही निघालोय, तिकडंच येतो." तेवढ्यात हॉर्न वाजला.

मी थांबवणार होते पोरींना. पण काय सांगून? आरूच्या आईनं तिला उचलून आत ठेवलंसुद्धा. मळ्यातल्या दोघी आधीच बसलेल्या. त्या आत आणि मी बाहेर, असं कसं राहू. चढले.

गाडी सुरू केली त्यानं. आरशात मागची सीट बघितली.

"सानिका न्हाई आज?"

म्हटलं, नाही.

"बरं न्हाई का अजून?"

म्हटलं, मला माहीत नाही.  आरू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, पूर्ण रस्ता. उसाच्या मधल्या वळणावर त्यानं गाडी हळू केली, रोज करतो तशी. रोजच करतो. तरी मी आरूला जवळ ओढलं.

आता तो फाटकाबाहेर टपरीवर चहा पितोय. आप्पा आलेत, दोघं काहीतरी बोलतायत. हेडसर दोनदा खिडकीतून डोकावले. मनीषा मॅडम तासावर आहेत, त्यांचा आवाज येतोय, नेहमीपेक्षा मोठ्यानं शिकवतायत. पोलिसांची गाडी अजून नाही.

लिहिता लिहिता वर बघितलं तर बांधावरून दोघी येतायत. लता पुढं, मागं सानिका. चालत, उसाच्या कडेकडेनं. सानिकाच्या अंगावर गणवेश आहे, दप्तर नाही. लतानं तिचा हात धरलाय की ओढतेय ते इथून कळत नाही.

फाटकाजवळ आल्या. अंकुशनं कप खाली ठेवला. लता थांबलीय. एकीकडं आप्पा उभे, ते तिला हातानं बोलवतायत. इकडं मी. ती दोन्हीकडं बघतेय.

सानिकानं हात सोडवून घेतलाय, आणि ती एकटीच व्हरांड्याकडं येतेय.